अठ्ठावीस नंबरची काच

जामसिंग पावरा आमच्या शाळेत शिपाई म्हणून लागला तेव्हा त्याचं वय काय होतं, हे त्यालाही माहीत नव्हतं. हेडमास्तरांनी त्याच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि रजिस्टरात अडतीस लिहिलं. हे एकोणीसशे एकतीस सालचं. नंदुरबारच्या इंग्रजी शाळेत मी त्याच्या दोन वर्षं आधी आलो होतो आणि वरच्या वर्गांना शरीरशास्त्र व आरोग्य हा विषय शिकवत होतो.

तो डोंगरातल्या अक्राणी मुलखातला, धडगावच्याही वरच्या अंगाचा. घरची बोली पावरी, पण सपाटीवर बारा-तेरा वर्षं काढल्यामुळे आमची अहिराणी त्याच्या तोंडात बसली होती. आधी तापीकाठच्या गावांत कापूस वेचला, मग रेल्वेच्या रुळांवर खडी टाकली, मग एका कापसाच्या जिनात सरकीची पोती वाहिली. अंगानं सडपातळ, चालणं हलकं. बोलायचा अगदी कमी. त्याच्या माणसांविषयी कोणी विचारलं तर "कोनी नही" एवढंच सांगायचा, आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायचा.

त्याच वर्षी शाळेत मॅजिक लँटर्न आला होता. पत्र्याची काळी पेटी, पुढे पितळेची नळी, नळीत दोन भिंगं आणि पेटीच्या पोटात कार्बाइडचा दिवा, कारण गावात वीज नव्हती. त्याच्याबरोबर तळहाताएवढ्या चौकोनी काचांचा एक लाकडी डबा होता. प्रत्येक काचेवर एकेक चित्र: हृदय, फुप्फुस, कानाची आतली रचना, बेडकाची वाढ, डासाची सोंड. दुपारच्या तासाला आम्ही विज्ञानाच्या खोलीच्या खिडक्यांवर घोंगड्या टाकायचो, दार लावायचो, आणि चुन्यानं पांढऱ्या केलेल्या भिंतीवर माणसाचं हृदय बैलगाडीच्या चाकाएवढं उमटायचं. पुस्तकातलं बोटभर चित्र पाहून जांभया देणारी पोरं तेव्हा गप्प व्हायची. त्या खोलीचा मला फार अभिमान होता. जिल्ह्यात असा तास दुसरं कोणी घेत नाही, असं मी पाहुण्यांना सांगत असे.

लँटर्न चालवायला पहिल्यांदा हिलाल नावाचा जुना शिपाई होता. कार्बाइडच्या वासानं त्याचं डोकं दुखायचं. एकदा चक्कर येऊन त्यानं दोन काचा फोडल्या, तेव्हा हेडमास्तरांनी ते काम जामसिंगला दिलं. त्याला वाचता येत नव्हतं. पण काच उलटी घातली की भिंतीवर चित्र सुलटं येतं, हे त्याला एकदाच सांगावं लागलं. डब्यातल्या खाचा मोजून त्यानं सगळ्या काचांचे नंबर पाठ केले. मी "चौदा" म्हटलं की अंधारात चाचपून तो बरोबर चौदावी काढायचा. त्याच्या हातून कधी काच फुटली नाही.

बत्तीस सालच्या हिवाळ्यात एका निवृत्त डॉक्टरांनी शाळेला आणखी बारा काचा दिल्या. त्यांची बरीचशी नोकरी तळोद्याला आणि वर अक्राणीत झाली होती. फोटोचा त्यांना नाद होता. तिकडच्या रोग्यांचे फोटो स्वतः काढून त्यांनी त्यांच्या लँटर्नच्या काचा करवून घेतल्या होत्या. नारू, खरूज, हिवतापानं वाढलेली पानथरी म्हणजे प्लीहा, असं सगळं. मला हर्ष झाला. परदेशी चित्रांपेक्षा आपल्याच मुलखातले रोग पोरांना दाखवता येणार होते. मी त्या काचांना एकवीसपासून पुढे नंबर दिले. अठ्ठावीसवी गलगंडाची होती. तिच्या कडेला इंग्रजीत चिठ्ठी होती: स्त्री, वय सुमारे वीस, अक्राणी.

ती काच मी पहिल्यांदा दाखवली ती तेहतीसच्या जानेवारीत, संक्रांतीनंतर. ग्रंथींचा धडा दरवर्षी त्याच सुमाराला यायचा. भिंतीवर एक पावरा बाई उभी राहिली, डोक्यापासून कमरेपर्यंत. गळ्याच्या उजव्या अंगाला मोठ्या आंब्याएवढी गाठ, डाव्या अंगाला तिच्याहून लहान. चांदीची सर वर सरकून गाठीवर आडवी बसलेली. डाव्या खांद्यावर कोणाचा तरी हात, मनगटापर्यंत दिसणारा. मी छडीनं गाठीचे दोन भाग दाखवले, ग्रंथी का फुगते ते सांगितलं, डोंगरातल्या पाण्यात आणि अन्नात काय कमी असतं ते सांगितलं.

मागून एक पोरगा म्हणाला, "हाऊ तं भोपळा शे."

वर्ग हसला. मी "गप्प बसा" म्हणालो, पण हसू मलाही आलं होतं. हे मी लपवत नाही.

मग मी "पुढची" म्हणालो. काच हलली नाही. पुन्हा म्हणालो. तरी हलली नाही. मी वळून पाहिलं तर जामसिंग दिव्याच्या मागे उभा होता आणि पेटीच्या फटीतून येणारा उजेड त्याच्या छातीवर पडला होता. तिसऱ्यांदा नाव घेऊन हाक मारली तेव्हा त्यानं काच सरकवली. मला वाटलं, कार्बाइडनं याचंही डोकं चढलं.

त्यानंतर तो मधूनच विचारू लागला, "मास्तर, अठ्ठावीस नंबर कव्हय?" मी सांगायचो, ती आता पुढच्या साली. तो मान हलवून जायचा. काचांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. त्यानं ती कधी मागितली नाही, आणि मलाही त्याच्या विचारण्यात काही वावगं वाटलं नाही. उलट शिपायालासुद्धा माझ्या विषयाची गोडी लागली, असं मी घरी बायकोला सांगितलं.

पस्तीस सालच्या जानेवारीत त्याला हिवताप आला. तीन दिवस तो शाळेमागच्या खोलीत गोधडी घेऊन पडून होता. चौथ्या दिवशी ग्रंथींचा तास होता. मी हिलालला लँटर्न लावायला सांगितलं आणि खोलीत येऊन पाहतो तर जामसिंग दिव्यापाशी उभा. डोळे लाल, दात वाजताहेत. मी रागावलो. तो म्हणाला, "मी करस. मन्हं काम शे." त्या दिवशी त्याचा हात पेटीला टेकलेला होता, म्हणून भिंतीवरची सगळी चित्रं थरथरत होती. पोरांना त्याचंही हसू आलं.

छत्तीस साली इन्स्पेक्टर आले. हेडमास्तरांनी त्यांना माझ्याच वर्गात आणलं आणि मी मुद्दाम अठ्ठावीस नंबर लावायला सांगितला. साहेबांना ती काच फार आवडली. खुर्चीवरून उठून ते भिंतीपाशी गेले, माझ्या हातातली छडी घेतली आणि ती बाईच्या चेहऱ्यावर टेकवून पोरांना म्हणाले, "गळ्यापेक्षा हे पाहा. डोळ्यांतली मंद कळा पाहिलीत? या रोगात बुद्धी वाढत नाही. डोंगरातल्या लोकांची जी स्थिती आहे तिचं एक कारण तुमच्यासमोर उभं आहे." छडी कपाळावरून नाकावर, नाकावरून ओठांवर फिरली. साहेब बराच वेळ बोलले. मी बाजूला उभा राहून मान डोलावत होतो.

तास संपला, घोंगड्या निघाल्या, सगळे चहाला गेले. माझी छडी घ्यायला मी परत आलो तर जामसिंग ती काच अजून डब्यात न ठेवता हातात धरून उभा होता. खिडकीचा उजेड तिच्यातून येत होता. मला पाहून त्यानं ती खाली केली. तेवढ्यात माझी नजर त्याच्या डाव्या हातावर गेली. त्याच्या तर्जनीचं वरचं पेर नव्हतं. लहानपणी बांबू तोडताना गेलं, असं त्यानं कधीतरी सांगितलं होतं. मी त्याच्या हातातून काच घेतली आणि खिडकीपाशी नेऊन पाहिली. बाईच्या खांद्यावरच्या हाताची तर्जनीही तशीच होती.

मी विचारलं, "हाऊ हात कोन्हा शे, जामसिंग?"

"मन्हा."

"आन् हाई बाई?"

"मन्ही बायको. फुली."

मी काच पुन्हा उजेडाला धरली. तो म्हणाला, "ती घाबरी गयी व्हती. डॉक्टरना डबावर काळं फडकं व्हतं. मी सांगं, मी धरस तुले. मंग उभी ऱ्हायनी."

त्या दिवशी त्याच्याकडून तुकड्यातुकड्यांनी मला कळलं ते असं. ते सोळा सालच्या सुमाराचं होतं. धडगावच्या बाजारात डॉक्टरांनी तंबू टाकला होता. फुलीबाई गळ्याच्या गाठीसाठी गेलीच नव्हती, तशा गाठी त्यांच्या गावात घरोघरी होत्या. ती गेली होती तान्ह्या पोरीला ताप होता म्हणून. डॉक्टरांनी पोरीला औषध दिलं आणि आईला उभं राहायला सांगितलं. पुढे दोन वर्षांनी मानमोडीच्या तापाची, इन्फ्लुएंझाची साथ आली. पोरगी आधी गेली, फुलीबाई तिसऱ्या दिवशी. एका आठवड्यात त्या पाड्यातली सतरा माणसं गेली. धाकटा भाऊ डोंगरसिंग वाचला. जामसिंग घर त्याच्या हवाली करून घाट उतरला.

"ती मंद नव्हती," तो शेवटी म्हणाला. एवढंच त्यानं इन्स्पेक्टरांविषयी सांगितलं, आणि तेही प्रमाण मराठीत, त्यांचाच शब्द घेऊन.

त्या रात्री मी वर्षं मोजली. चार वर्षं मी या माणसाच्या हातून त्याच्या बायकोला भिंतीवर उभं करत होतो आणि पोरांना हसू देत होतो. काहीतरी करायला हवं, असं मनानं घेतलं. काच काढून टाकावी तर ग्रंथींचा धडा लंगडा पडतो, हा माझ्यातला मास्तर. मग मला एक उपाय सुचला आणि तो सुचल्याचा आनंदही झाला. उन्हाळ्याच्या सुटीत मी कपाट उघडलं, काचेच्या कडेची कागदी पट्टी सोडवली, वरची संरक्षक काच बाजूला केली आणि आतल्या चित्रावर बारीक कुंचल्यानं चेहरा काळ्या शाईनं भरून टाकला. केसांपासून हनुवटीपर्यंत. गळा तेवढा मोकळा ठेवला. शाईचे दोन हात दिले. शाई वाळल्यावर पट्टी पुन्हा चिकटवली. जामसिंगला विचारावं, हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. त्याला मी नीटनेटकी वस्तू तयार करून दाखवणार होतो.

सदतीसच्या जानेवारीत अठ्ठावीस नंबर लागला. भिंतीवर काळा ठिपका, त्याच्याखाली गळा, चांदीची सर, खांद्यावरचा हात. पोरं हसली नाहीत. मला बरं वाटलं. मी "पुढची" म्हटल्याबरोबर काच सरकली.

सगळे गेल्यावर जामसिंग माझ्यापाशी आला.

"तोंड कोठे गयं, मास्तर?"

"झाकी टाकं," मी म्हणालो. "आते तिले कोनी हासाव नही."

तो भिंतीकडे पाहत राहिला. तिथं आता फक्त चुना होता.

"पोरेस्ले गळा दिखे," तो म्हणाला. "माले तिन्हं तोंड दिखे."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. सालात एकदा, दोन-तीन मिनिटं, ती त्याच्यासमोर खऱ्या माणसाएवढी उभी राहत होती. त्यासाठी त्यानं पोरांचं हसणं, साहेबांची छडी, अंगातला ताप, सगळं सोसलं होतं. आणि मी त्याची लाज राखायला म्हणून नेमकं तेच पुसलं होतं.

मी म्हणालो, शाई आहे, धुतली की निघेल. तो लगेच पाणी आणायला गेला. मी कपाटातून काच आणली, पट्टी सोडवून वरची संरक्षक काच काढली. प्रयोगाच्या टेबलावर त्यानं पितळेचं तसराळं ठेवलं. थंड पाण्यात शाई हलली नाही. म्हणून मी स्टोव्हवर पाणी कोमट करायला सांगितलं. लँटर्नच्या काचेवरचं चित्र सरसाच्या पातळ थरात असतं आणि कोमट पाण्यात तो थर सुटतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. घाईत मला ते आठवलं नाही. काच पाण्यात बुडवली, कापसाच्या बोळ्यानं हलकेच चोळली. शाई थोडी फिकी झाली. जामसिंग माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होता. मी आणखी चोळलं, आणि वरच्या कोपऱ्यापासून सगळा थर एकदम सुटला. सायीसारखा तो पाण्यावर तरंगला, त्याला सुरकुत्या पडल्या, तो दुमडला. जामसिंगनं पाण्यात हात घालून तो बोटांवर उचलायचा प्रयत्न केला. तो त्याच्या बोटांना चिकटला आणि तिथंच विरघळून काळसर डाग झाला. माझ्या हातात स्वच्छ काच राहिली.

तो हात न पुसता तसाच उभा राहिला. मग त्यानं तसराळं उचललं आणि पाणी बाहेर नेऊन ओतलं. ते त्यानं कुठं ओतलं, हे मी पाहिलं नाही.

मी डॉक्टरांना पत्र लिहिलं. मूळ फोटोची काच त्यांच्याकडे असेल तर तिच्यावरून दुसरी करून घेता येईल, अशी आशा होती. उत्तर त्यांच्या मुलाचं आलं. वडील दीड वर्षापूर्वी वारले, घर बदलताना त्यांच्या जुन्या काचा धुऊन साफ केल्या आणि चांगल्या होत्या त्या मागच्या पडवीच्या खिडक्यांना बसवल्या. पत्रातला मजकूर मी जामसिंगला वाचून दाखवला. त्यानं ऐकून घेतलं आणि घंटेची वेळ झाली म्हणून तो गेला.

त्यानंतरही त्यानं चार वर्षं लँटर्न चालवला. पूर्वीसारखाच, चूक न करता. कव्हय, असं त्यानं पुन्हा विचारलं नाही. ग्रंथींचा धडा मी फळ्यावर खडूनं काढून शिकवू लागलो. त्याला कपाटाची किल्ली आधीच देऊन टाकली असती तर, हा विचार मला फार उशिरा सुचला. लढाई सुरू झाल्यावर कार्बाइड मिळेनासं झालं आणि लँटर्न कपाटावर जाऊन बसला. एक्केचाळीसच्या होळीला जामसिंग घरी म्हणून गेला तो आला नाही. डोंगरसिंगनं कोणाकरवी तरी निरोप धाडला, भाऊ आता वरच राहील.

त्रेचाळीसच्या मार्चमध्ये प्राथमिक शाळांच्या परीक्षेच्या कामावर मला धडगावला पाठवलं. तळोद्यापर्यंत कोळशाच्या वायूवर चालणारी मोटार, पुढे घाट पायी. काम संपल्यावर विचारत विचारत मी दोन कोस आणखी वर गेलो. उतारावर एकटं घर होतं, बांबूच्या कुडाचं. दारात डोंगरसिंगची बायको कमलीबाई मोहाची फुलं वाळत घालत होती. तिनं आत बोट दाखवलं.

जामसिंग बाजेवर पडला होता. पोट डाव्या बाजूनं वर आलं होतं. माझ्या काचांमधली पानथरी मी त्याच्या अंगावर ओळखली. त्यानं मला लगेच ओळखलं, उठायचा प्रयत्न केला. मी म्हणालो, "पडी ऱ्हाय, जामसिंगभाऊ." शाळेची, हिलालची चौकशी झाली. कमलीबाईनं मक्याची भाकर आणि उडदाची आमटी आणून ठेवली. मी जेवत असताना तो माझ्याकडे पाहत होता.

"मास्तर," तो म्हणाला, "आते माले तिन्हं तोंड याद येत नही."

मी घास खाली ठेवला.

"तुम्ही पढेल शेतस. चार साल देखं तुम्ही तिले. कशी दिखे ती? सांगा."

मी डोळे मिटून भिंत आठवली. गाठीचे दोन भाग आठवले, उजवा मोठा, डावा लहान. चांदीची सर कुठं बसली होती ते आठवलं. खांद्यावरचा हात आठवला. वर पाहायला जावं तर तिथं काहीच येईना. चार वर्षं मी तिच्या गळ्यावर छडी ठेवून उभा होतो आणि तिच्या तोंडाकडे मी पाहिलंच नव्हतं. शाईनं भरतानासुद्धा मी कडेची रेघ सांभाळत होतो.

तो वाट पाहत होता. म्हणून मी बोलू लागलो. डोळे मोठे होते, म्हणालो. कपाळ रुंद होतं. नाकात चमकी होती.

"तिन्हं नाक टोचेल नव्हतं," तो म्हणाला.

 मग त्यानंच मला भाकर संपवायला सांगितलं, ऊन चढायच्या आत घाट उतरला पाहिजे म्हणाला. निघताना मी त्याच्या पायाला हात लावला. त्यानं पाय मागे घेतला नाही.

पावसाळ्याच्या तोंडाशी मी तळोद्याच्या बाजारात एका नातेवाइकाकडे गेलो होतो. तिथं डोंगरसिंग भेटला. जामसिंगला जाऊन महिना झाला होता. ताप सात दिवस उतरलाच नाही, असं तो म्हणाला. शेवटी काही बोलत होता का, मी विचारलं.

"पानी मांगे," डोंगरसिंग म्हणाला. बाजाराचं गाठोडं त्यानं डोक्यावर घेतलं, मला रामराम केला आणि तो घाटाच्या वाटेला लागला.